ढिवरटोली : निरंक

हे मी माझ्या बायकोला सांगितलेलं नाही. चौतीस वर्षं झाली लग्नाला. माझी कुठली दाढ केव्हा दुखते हेही तिला ठाऊक असतं — पण हे नाही. मुलाला नाही, भावाला नाही. देवापुढे एकदा बसून पाहिलं, तर तिथेही तोंडातून 'काही त्रुटी राहून गेली असल्यास' अशी सरकारी भाषा निघाली. स्वतःचीच लाज वाटली आणि उठलो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही आणि मला मध्येच थांबवून 'जाऊ द्या हो' म्हणणार नाही. तसं म्हणूही नका.

माझं नाव हरकरे. नागपूरला महालात राहतो. महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. तहसील कुठली ते लिहीत नाही — आज तिथे जी माणसं काम करतात त्यांचा यात काही दोष नाही. कन्हान नदीच्या काठची होती, एवढं पुरे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझं एक नाव झालं होतं. पूर आला, लष्कर बोलवायची वेळ आली की वरचे साहेब म्हणायचे, हरकरेंना लावा, त्यांचं फौजेशी जमतं. दर मे महिन्यात पावसाळ्याआधी दोन्हीकडच्या लोकांची बैठक व्हायची. तिथे मी नव्या पोरांना शिकवायचो, की पुरात नागरी अधिकारी आणि लष्कर यांनी एकमेकांच्या पायात पाय न घालता काम कसं करावं. बरं शिकवायचो, खोटं कशाला बोलू? लोक वह्या काढून लिहून घ्यायचे. लष्कराने दिलेलं एक पितळी मानचिन्ह आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. बायको दर शुक्रवारी ते पुसते, आणि मी समोर पेपर वाचत बसतो. वाचत म्हणजे काय — पेपर धरून बसतो.

पुढचं कळायला थोडं आमच्या कामाबद्दल सांगावं लागेल. लष्कर आपल्या मनाने पुरात उतरत नाही. जिल्ह्यातून लेखी मागणी जाते, तेव्हा छावणीतून तुकडी निघते. नावा त्यांच्या, माणसं त्यांची, हिंमत त्यांची. पण कुठे जायचं, कोणाला आधी काढायचं, हे सांगायचं आम्ही. म्हणून प्रत्येक नावेत आमच्या खात्याचा एक माणूस बसतो. गावं त्याला माहीत असतात, वाटा माहीत असतात. तो म्हणेल ती दिशा. पाण्यात उतरलेल्या फौजेचे डोळे म्हणजे तो माणूस. त्या दिवशी तो माणूस मी होतो.

आणि दोघांची पद्धत वेगळी. त्यांच्याकडे जो तो खिशात वही बाळगतो. किती वाजता निघालो, काय दिसलं, कोण काय बोललं, सगळं तिथल्या तिथे मिनिटासकट लिहून ठेवतात. आमच्याकडे उलटं. आम्ही बोलतो भरपूर, पण लिहितो ते वरून विचारणा येऊ नये म्हणून. पुराच्या वेळी आमच्या रजिस्टरात चार रकाने असतात — वस्ती, माणसं, हलवलेली माणसं, उरलेली माणसं. शेवटच्या रकान्यात आकडा पडला की फोन सुरू होतात. का उरली, कोण उरली, केव्हा काढता. म्हणून तिथे निरंक. शून्य आम्ही लिहीत नाही, निरंक लिहितो, आणि शेजारी एक रबरी शिक्का मारतो — 'प्रत्यक्ष पाहणी केली'. त्या शिक्क्याला पाहणी लागत नाही, शाई लागते. आमच्या आमच्यात हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबही तो कागद पाहून मनात थोडं कमी-जास्त धरूनच चालायचे. फौजेला ते कोण सांगणार?

ढिवरटोली नदीच्या वळणावर होती, अकरा घरांची. मासे धरणारी, उन्हाळ्यात रेतीत टरबुजांच्या वाड्या लावणारी माणसं. वरच्या धरणाची दारं उघडणार असं कळलं तेव्हा अशा सगळ्या वस्त्या संध्याकाळपर्यंत रिकाम्या करायचा हुकूम आला. मी सकाळपासून फिरत होतो. ढिवरटोलीच्या फाट्यावर जीप थांबली, कारण पुढे काळ्या मातीची वाट होती आणि ती वाट म्हणजे नुसता गाळ. अर्धा-पाऊण किलोमीटर चालायचं होतं. मी जीपमधून एक पाय खाली टाकला. तो पोटरीपर्यंत आत गेला. मी तो बाहेर काढला, रुमालाने पुसला आणि ड्रायव्हरला म्हटलं, शाळेकडे घे.

शाळेत हलवलेली माणसं बसली होती. खिचडी वाटणं चालू होतं. ढिवरटोलीचा एक माणूस ताट घेऊन उभा दिसला. त्याला विचारलं, "तुमच्या वस्तीतले सगळे आले का गा?" तो म्हणाला, "आले साहेब, दोन ट्रॅक्टर भरून आले." मी रजिस्टर मांडीवर घेतलं. ढिवरटोली, अकरा घरं, त्रेपन्न माणसं, हलवली त्रेपन्न, उरलेली निरंक. शिक्का मारला, सही केली आणि खिचडी खाल्ली.

त्या वस्तीत डोमा शेंडे नावाचा म्हातारा होता. उन्हाळ्यात पडून त्याच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, बाजेवरून उठता येत नव्हतं. त्याची मुलगी लता त्याचं सगळं करायची. पहिल्या ट्रॅक्टरवरच्यांना वाटलं, ही दोघं दुसऱ्यात येतील. दुसऱ्यातल्यांना वाटलं, पहिल्यात गेली. आणि लताला वाटलं, बाज उचलायला कोणीतरी सरकारी माणूस येईल. तिचं काही चुकलं का? येणारच होता. फाट्यापर्यंत आला होता.

इथवर जे सांगितलं तो आळस झाला. माझी सांगायची गोष्ट ही नाही. ही असती तर मी केव्हाच सांगून मोकळा झालो असतो — आमच्या खात्यात अशा गोष्टी निरोपसमारंभात हसत सांगतात.

दुसऱ्या दिवशी पाणी चढलं. शाळेतच लष्कराचं ठाणं होतं. बाकांवर नकाशा पसरून एक तरुण कॅप्टन बसला होता. मी रजिस्टर उघडून एकेक वस्ती वाचत होतो आणि तो नकाशावर खुणा करत होता. ढिवरटोलीवर बोट ठेवून त्याने विचारलं, "ये खाली है?" मी म्हटलं, "खाली है. मैंने खुद देखी है." त्याने फुली मारली. दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांच्यात एखादा अधिकारी 'मी पाहिलं' म्हणतो तेव्हा त्याने पाहिलेलं असतं.

माझी नाव सुभेदार पाटोळे यांच्याकडे होती. सांगलीकडचा माणूस, पंचेचाळिशीतला, बोलणं मोजकं. नावेत बसण्याआधी त्यांनी माझ्या जॅकेटचे बंद स्वतः ओढून पाहिले, शाळेत निघालेल्या लेकराचे बघावेत तसे. आम्हाला पुढच्या गावातल्या एका गच्चीवरून अठरा माणसं काढायची होती. वाट ढिवरटोलीसमोरून होती. पाऊस बारीक पडत होता. मोटारीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. वळण आलं आणि पाण्यावर कौलांच्या ओळी दिसल्या, भिंती सगळ्या आत गेलेल्या.

आता ते सांगतो.

मी तिला पाहिलं. सुभेदारांच्या आधी पाहिलं. एका छपराच्या आढ्यावर बाई दोन्हीकडे पाय टाकून बसली होती. एका हाताने तिने खाली काहीतरी धरून ठेवलं होतं, लांब, पांढऱ्या कापडातलं. दुसरा हात वर होता. हलवत नव्हती ती तो — नुसता वर धरला होता, वर्गात पोरं धरतात तसा. तोंड आमच्याकडे होतं. कपडा आहे की माणूस, असा मला एक क्षणही प्रश्न पडला नाही. बाई होती आणि तिच्याजवळ दुसरं माणूस होतं.

सुभेदार म्हणाले, "साहेब, त्या छपरावर काय तरी हलतंय. बघा बरं जरा."

मी म्हटलं, "कपडे असतील. ती वस्ती रिकामी आहे. काल मी स्वतः केली."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढली आणि लिहिलं. मग वही माझ्यापुढे केली. "इथं तेवढी सही करा, साहेब." मी म्हटलं, "नंतर करतो हो, हात ओले आहेत." हात खरंच ओले होते. नाव पुढे गेली.

तुम्ही विचाराल, का? मीही विचारतो. सांगतो, पण ती सबब समजू नका. त्या घटकेला डोक्यात जे आलं ते हे. आदल्या संध्याकाळी आमचा सगळा पट्टा निरंक म्हणून फोनवरून वर कळवला होता. वरच्या साहेबांनी वार्ताहरांना सांगितलं होतं की एकही माणूस मागे राहिलेला नाही. माझ्या निरंक वस्तीतून फौजेने दोन माणसं काढली, तर मी काठाला लागायच्या आत ते वायरलेसवर गेलं असतं. आणि आणखी एक विचार आला, तो जास्त वाईट आहे. मी मनात म्हटलं, येताना घेऊ. येताना मीच म्हणेन, सुभेदारसाहेब, एकदा खात्री करून घेऊ. म्हणजे मी दक्ष अधिकारीही ठरेन. त्या बाईचा हात वर असताना मी माझी शाबासकी ठरवत होतो.

येताना पाणी आणखी चढलं होतं. वळणावर ओढ भयंकर होती, नावेत अठरा माणसं. सुभेदारांनी नाव पलीकडच्या अंगाने काढली. रिकाम्या वस्तीकडे भरली नाव घालायचं त्यांना काय कारण होतं? माझ्याकडे कारण होतं. मी तोंड उघडलं नाही. मी बिस्किटांचे पुडे फोडून लोकांना वाटत होतो. काठावर उतरल्यावरही बोललो नाही. दुसरी नाव रिकामी उभी होती, उजेड होता, कॅप्टन दहा पावलांवर होता. मी चहा घेतला.

लताला दुसऱ्या दिवशी सकाळी काढलं. पडलेल्या विजेच्या तारा पाहायला एक नाव तिकडून चालली होती, तिला ती दिसली. डोमा नव्हता. पाणी घरात चढलं तेव्हा लताने कौलं काढून त्याला छपरावर ओढून घेतलं होतं आणि आपल्या लुगड्याने कंबरेशी बांधून ठेवलं होतं. दिवस बुडायच्या सुमारास गाठ सुटली आणि तो कौलांवरून घसरला. सुभेदारांच्या वहीत आमची वेळ होती दोन वाजून वीस मिनिटं. म्हणजे त्यानंतर चार तास तो जिवंत होता, पावसात, पोरीच्या हाताला धरून. चार तासांत ती नाव चार वेळा जाऊन आली असती.

तहसीलदारसाहेबांनी मला बोलावून एवढंच म्हटलं, "हरकरे, रजिस्टर एकदा नीट बघून घ्या." त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही, आणि मला सांगायची गरजही नव्हती. मी दार लावून घेतलं. ते पान काढलं, नवीन पान तसंच आखलं, त्याच पेनाने सगळ्या वस्त्या पुन्हा लिहिल्या. ढिवरटोलीपुढे लिहिलं : उरलेली दोन, येण्यास नकार, नावेची आवश्यकता कळविली. शिक्का मारला. प्रत्यक्ष पाहणी केली. जुनं पान फाडून चुलीत घातलं नाही, लोक म्हणतात तसं काही केलं नाही. घडी घालून पाकिटात ठेवलं. आजही माझ्याजवळ आहे. त्या वेळी का ठेवलं माहीत नाही. आता त्याचा उपयोग होणार आहे.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी संयुक्त बैठक बसली. एका बाजूला आम्ही, एका बाजूला लष्कराचे अधिकारी, पाटोळे टोकाला उभे; नकाशावर फुली मारणारा कॅप्टन तोवर बदलून गेला होता. लताचा जबाब वाचला गेला — सैन्याची नाव वस्तीसमोरून न थांबता निघून गेली. माझं रजिस्टर वाचलं गेलं. मग पाटोळ्यांनी वही उघडून वाचलं : चौदा वाजून वीस मिनिटं, छपरावर हालचाल दिसली, नागरी अधिकारी म्हणाले वस्ती रिकामी, पुढे निघालो. अध्यक्षांनी विचारलं, यावर नागरी अधिकाऱ्याची सही आहे का? सही नव्हती. पाटोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याला शब्द आठवत नसला की आपण त्याच्याकडे पाहतो ना, आठवेल म्हणून, तसं पाहिलं. म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणाला होता."

मी म्हणालो, "तसं माझ्या स्मरणात नाही."

अहवालात आलं की सूचना असूनही नावेने वस्तीकडे लक्ष दिलं नाही, आणि एकंदरीत समन्वयाचा अभाव होता. समन्वयाचा अभाव! हा फार सोयीचा शब्द आहे. तो वापरला की दोन्ही खात्यांना चहा पिऊन घरी जाता येतं. पण तो दोघांवर सारखा पडत नाही. आमच्याकडे तो फायलीत गेला. त्यांच्याकडे त्याची आत चौकशी झाली आणि सुभेदारांच्या कागदावर ठपका बसला. पुढची बढती त्यांची होणार होती, ती झाली नाही. पुढच्या वर्षी नव्या कॅप्टनला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तेव्हा कळलं. त्याच पायरीवरून निवृत्त होऊन ते गावी गेले. त्या कॅप्टनने वर म्हटलं, "अच्छे आदमी थे, पता नहीं उस दिन कैसे चूक गए."

आणि मी काय केलं? मी नियम काढला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निरंक लिहायचं नाही, आणि नावेतली प्रत्येक नोंद दोघांनी तिथेच, पाण्यातच, सही करून पक्की करायची. आमच्या तहसिलीत तो नियम लागू झाला. चांगला नियम आहे. त्याच्याबद्दलच ते मानचिन्ह मिळालं. हरकरेंना हे सुचलं कसं, असं कौतुकाने म्हणायचे लोक. सुचायला काय लागतं?

सात पावसाळे गेले. आता पुरे. मी ठरवलं आहे, आणि एकदा ठरलं की मी मागे येणाऱ्यांतला नाही — येणाऱ्यांतला होतो, आता नाही. आठ दिवस बसून सगळं निवेदन लिहून काढलं, वर्षानुवर्षं लोकांची निवेदनं तपासली त्यामुळे त्यात फट कुठे राहते ते मला कळतं. चार प्रती केल्या. एक जिल्ह्याला, जुन्या पानासकट. एक छावणीला. एक पाटोळ्यांना, ती परवाच पोस्टात टाकली, रजिस्टर करून. एक लताला. खोटी नोंद, सरकारी दप्तरात बदल, खोटी साक्ष — कलमं मला पाठ आहेत, दुसऱ्यांना लावण्यात हयात गेली. निवृत्तिवेतन थांबेल, गुन्हा दाखल होईल, पेपरात नाव येईल. येऊ दे. पाटोळ्यांचंही नाव यायला पाहिजे, की त्यांची वही खरी होती. बायकोला सोमवारी सांगणार, जिल्ह्याला आणि छावणीला कागद देऊन आल्यावर. आधी सांगितलं तर ती रडेल आणि मी कागद कपाटात ठेवून देईन. माझा स्वतःवर तेवढा भरवसा नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. मग काल मी नदीकाठच्या कन्हान गावी गेलो.

लता तिथे बाजारात मासळी विकते, भावाच्या घरी राहते. पत्ता मी आधीच काढून ठेवला होता. ती पाटावर रोहूची खवलं काढत बसली होती. मी उभ्याउभ्या बोलायला लागलो, तहसिलीत बोलायचो तसं. मग लक्षात आलं आणि खाली बसलो. सगळं सांगितलं. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिने तुकडे करून दिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हं, मंग?" मी निवेदन काढून तिला सगळं वाचून दाखवलं, फाट्यावरच्या चिखलापासून. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "तुमी पाहून राहिले होते माह्याकडं."

मी विचारलं — हे विचारायची हिंमत मला कशी झाली कुणास ठाऊक — मग तेव्हा का नाही बोललीस, बाई?

"बोलली होती ना," ती म्हणाली. हात चालूच होता तिचा. "दवाखान्यात. नावेतला साहेब माह्याकडं पाहून राहिला होता, म्हटलं. तुमीच तं लिवून घेत होते."

हे मी तुम्हाला वर सांगितलेलं नाही. मी लिहिलं की बैठकीत लताचा जबाब वाचला गेला. तो कोणी घेतला होता ते लिहिलं नाही. चार प्रती केल्या, त्यांतही नाही. विसरलो होतो असं म्हणता आलं असतं, पण विसरलो नव्हतो. पंचनामा, जबाब ही कामं माझ्याकडेच होती. सरकारी दवाखान्यात तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसलो होतो. ती ते वाक्य बोलली तेव्हा माझ्याकडेच पाहत होती, आणि मी पेन कागदावर टेकवून थांबलो, मग लिहिलं : सैन्याची नाव न थांबता निघून गेली. वाचून दाखवलं. बरोबर आहे ना, विचारलं. ती हो म्हणाली. मी तेव्हा ठरवून टाकलं की तिने मला ओळखलं नाही. ओळख पटली असती तर ती भांडली असती, नाही का?

काल मी विचारलं, मग हो का म्हणालीस?

"बाबाचं मढं भेटलं नव्हतं अजून," लता म्हणाली. "भेटलं असतं तं तुमच्याच कागदावर हाती येणार होतं. तुमच्यासंग भांडून कुठं जाऊ?"

आठ दिवस बसून फट बुजवली होती मी. तिने निवेदनाकडे बोट केलं, ओलं, खवलं लागलेलं. म्हणाली, "मंग लिवा थे बी."

मी तिथेच बसून लिहिलं. मांडीवर ठेवून, तिन्ही प्रतींवर, शेवटी, माझ्या अक्षरात. पाटोळ्यांना वेगळा कागद लिहिला, तो तिथल्याच पोस्टातून पाठवला. लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. तिने ऐकलं, आपली प्रत घेतली, हात पुसून ती टोपलीखाली सारली आणि समोरच्या बाईला भाव सांगायला लागली. मी उठलो. बाकीच्या दोन प्रती सोमवारी सकाळी दहाला कचेऱ्या उघडल्या की देणार आहे. त्यांत शेवटी हाताने लिहिलेलं आहे ते असं :

लता डोमा शेंडे यांनी जबाबात मला सांगितले होते की नावेतला साहेब त्यांच्याकडे पाहत होता. ते मी लिहिले नाही. तो साहेब मी होतो.